पाणमोटारीचा हार

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. धाकू मेस्त्रीने एक पाणमोटार बांधली. ती रस्त्यावर धावे आणि तशीच पाण्यात उतरून पैलतीर गाठी. पण खाऱ्या पाण्याने तिची चाकं गंजत, खडीने तळाच्या फळ्या झिजत. बिचारा मेस्त्री सणावारीही तिच्या पोटाखाली वंगण लावत पडलेला असे.

नारळी पौर्णिमेला होड्यांपुढे नारळ फुटले. पाणमोटार आशेने जवळ गेली, तर होड्या म्हणाल्या, "होडीला कधी चाकं असतात का गं?" दसऱ्याला ती मोटारींच्या रांगेत उभी राहिली. "तू तर होडी," मोटारी म्हणाल्या. ती परतली.

मेस्त्री वारला. त्याच्या मुलाने तिची चाकं एका टेम्पोला दिली, फळ्या एका होडीला. त्या वर्षी फळ्यांना नारळ मिळाला, चाकांना झेंडूचे हार.

दसऱ्याच्या संध्याकाळी टेम्पो धक्क्यावर, पाण्याच्या कडेला येऊन थांबला. चाकाने खालच्या होडीतली फळी ओळखली.

"इथे आपण थांबत नव्हतो ना गं?"

"नव्हतो," फळी म्हणाली. तेवढ्यात होडी निघाली.