रंगवलेला मुंगळा

फार पूर्वी म्हणा, नाहीतर कधीतरी म्हणा, एका डोंगराळ राज्याच्या सीमेवर बर्फाची खिंड होती आणि त्या खिंडीत एक कानयंत्र होतं. कोसभरावरून कोणी चालत आलं तरी ते ऐकायचं आणि चौकीतली घंटा वाजवायचं. त्याच्या भरवशावर पहारेकरी दोन घास खायचे, घटकाभर आडवे व्हायचे.

एका हिवाळ्यात ती घंटा गप्प झाली. यंत्र उघडून पाहिलं, तर आतला मुंगळा जळलेला. मुंगळा म्हणजे नखाएवढा काळा तुकडा. दोन्ही अंगांना बारीक बारीक पाय, म्हणून सगळे त्याला मुंगळाच म्हणत. घरातल्या बोलक्या पेटीत साधा मुंगळा चालतो. लष्कराचा मात्र तापला, गारठला, खेचरावरून आपटला तरी चालावा लागतो. आणि असे लष्करी मुंगळे घडवणाऱ्या कारखान्यात तर आता बोलक्या बाहुल्या व्हायला लागल्या होत्या!

खिंडीखालच्या गावात यंत्रं दुरुस्त करणारी दोन दुकानं होती, समोरासमोर. एक तात्याचं, तीस वर्षांचं जुनं. दुसरं मथुराबाईचं, तीन वर्षांचं. मागच्या दसऱ्याला दरबारची मानाची शाल मथुराबाईला मिळाली आणि तेव्हापासून तात्याच्या घशाखाली घास उतरेना. दिवसभर तो तिच्या दुकानापुढच्या चपला मोजत बसायचा.

"अहो, लोकांच्या चपला मोजून पोट भरतं का?" बायको म्हणायची.

"आज अकरा जोड आहेत," तात्या म्हणायचा. "काल नऊ होते."

लष्कराचा सरदार गावात आला आणि दोन्ही दुकानांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "हा मुंगळा आता कुठे बनत नाही. याच्या जागी चालेल असा दुसरा शोधून द्या. माझे चार पहारेकरी पाळीपाळीने जागून पार वाळलेत हो."

मथुराबाई म्हणाली, "पंधरा दिवस द्या."

"पंधरा?" तात्या हसला. "मी चार दिवसांत देतो."

मथुराबाईला लोखंडाच्या भट्टीवरच्या एका यंत्रात तसल्याच ताकदीचा मुंगळा सापडला होता. पण त्याचे पाय वेगळे. ते जुळवायला तिने छोटी पाटी केली. मग तो तव्यावर तापवायचा, बर्फात पुरायचा, खेचराच्या खोगिराला बांधून डोंगर चढवायचा, आणि मग पुन्हा तवा. बायका पाणवठ्यावर हसायच्या. "मथुराबाई, आज कालवणाला मुंगळाच का गं?" तीही हसायची आणि पुन्हा तवा ठेवायची.

तात्याला हे सगळं समोर दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच जळत होतं. चौथ्या दिवशी त्याने बाहुलीच्या पोटातला एक मुंगळा काढला. आकार तोच, पायही तेवढेच. दगडावर घासून त्याच्या पाठीवरचा आकडा पुसला आणि बारीक कुंचल्याने लष्करी आकडा रंगवला. असा सुबक, की त्याचा त्यालाच अभिमान वाटला!

बाजारात, उन्हात, सरदाराने तो खिंडीतून घंटेसकट खाली आणलेल्या यंत्रात बसवून पाहिला. घंटा खणखणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्याने मात्र फक्त मथुराबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"छान झालं की, तात्या," ती म्हणाली. "थंडीत पाहिलात ना लावून?"

"मला शिकवू नकोस," तात्या म्हणाला.

आता त्या राज्याचा एक रिवाज होता. ज्याने तुकडा बसवला, त्याने पहिले आठ दिवस त्याच यंत्राशेजारी बसायचं. तात्याला हे माहीत होतं. पण त्याने मनाशी म्हटलं, आठ दिवसांत कोण मरायला येतंय तिथे?

चौकीत पहारेकऱ्यांनी त्याला आगीजवळची जागा दिली. म्हातारा नाईक म्हणाला, "तात्या, दोन महिन्यांत डोळ्याला डोळा नाही. आता तुम्ही आहात, घंटा आहे. पडतो जरा." आणि भर दुपारी चौघेही असे घोरायला लागले, की छत हलावं.

तात्या आगीपासून उठून खिडकीतल्या यंत्राशेजारी बसला. बाहेर बर्फ भुरभुरत होता. तेवढ्यात खिडकीतून त्याला दिसलं, एक मिठाचा व्यापारी आपलं खेचर हाकत खिंडीतून येतोय. शंभर पावलांवर आला. पन्नासवर आला. चौकीच्या भिंतीला घासून पुढे गेला.

घंटा वाजली नाही.

तात्याने यंत्राला हात लावला. गारठून दगड झालेलं.

पहारेकरी झोपलेलेच होते. कोणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं तर पुढच्या दसऱ्याची शाल आपली. उठवलं तर मथुरा जिंकली. तिच्या दारात उद्या वीस जोड असतील. तात्या दात आवळून बसून राहिला. आज मीठवाला होता, पुढच्या वेळी कोण असेल, हा विचार तो परत परत झटकत होता. मग त्याची नजर नाईकाच्या उघड्या तोंडाकडे गेली. म्हातारा लेकरासारखा, निर्धास्त झोपला होता. त्याच्या, तात्याच्या, शब्दावर.

"उठा," तात्या म्हणाला. मग त्याने नाईकाचा खांदा हलवला. "उठा रे! मुंगळा खोटा आहे. मी रंगवलाय."

नाईक उठून बसला. तात्याला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण त्याने हात उचलला नाही. नुसते ओले बूट पायात चढवायला घेतले आणि म्हणाला, "खेळण्याच्या जिवावर झोपवलंत आम्हाला, तात्या?"

मग त्याने दाराशी उभा केलेला भाला उचलून तात्याच्या हातात दिला.

मथुराबाईचा मुंगळा यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस तात्या खिंडीच्या तोंडाशी, गुडघाभर बर्फात, कान टवकारून उभा होता. घोरायची पाळी पहारेकऱ्यांची होती. जे काम त्या नखाएवढ्या तुकड्याने करायचं, ते करताना त्याच्या पायाची दोन बोटं कायमची बधिर झाली.

मथुराबाई खेचरावरून उतरली, तेव्हा तिला वाट दाखवायला तोच पुढे झाला.

म्हणून लेकरांनो, तात्पर्य एवढंच: मत्सराने दुसऱ्याची जागा पटकावता येते, पण त्या जागेचं काम काही मत्सराला जमत नाही.