फ्यूजचं व्रत

कुमुदकाकूंनी एकदा व्रत घेतलं होतं, की श्रावणभर देव्हाऱ्यातला विजेचा दिवा विझू द्यायचा नाही. पण घर जुनं, फ्यूज रोज उडे. "मेल्या, माझं व्रत मोडतोस!" म्हणत त्यांनी फ्यूजमध्ये घालायला, तो उडूच नये म्हणून, जाड तार आणली.

भिंतीतली जुनी वायर कळवळली, "फ्यूजदादा, माझं रबर झडलंय. जाड तार बसली तर मी पेटेन, घर जाईल!"

"शिव्या खाईन, पण आत्ताच उडतो. तुम्हाला राखणं हेच माझं व्रत," म्हणत फ्यूज फाटकन उडाला.

अंधारात काकूंनी भिंतीचा आधार घेतला. भिंत तव्यासारखी तापलेली! हातातली तार गळून पडली. त्यांनी मेन स्विच बंद केला, देवापुढे समई लावली आणि वायरमनकडून घरभर नवी वायर घालून घेतली.

बायांनो, तुमचा फ्यूज सारखा उडत असेल तर त्याच्यावर रागावू नका. काकूंसारखं भिंतीचं दुखणं बघा.