एकेचाळिसावे पिलू

त्या रानात आकाश सगळ्यांना पुरून उरेल एवढे होते, शाळा मात्र एकच होती. ती उंच सावरीवर भरे आणि तिथे दर वर्षी चाळीस पिलांना उडायला शिकवले जाई. शाळा निघण्यापूर्वी पाखरे कशी उडत असत, हे आता कुणाला नीटसे आठवत नव्हते. उडत असतील कशीतरी, असे सगळे म्हणत. सावरीवर शिकलेली पिले मात्र पंखांचा आवाज न करता उडत, वळताना मान किंचित तिरकी ठेवत, आणि आपसांत हिवाळ्यात लांबून येणाऱ्या बदकांच्या बोलीत बोलत. ती बोली त्यांच्या आईबापांना कळत नसे, आणि आपल्याला ती कळत नाही याचा आईबापांना फार अभिमान वाटे.

तुरेबा नावाचा एक बुलबुल आणि त्याची बायको लालन करवंदीच्या जाळीत राहत. जाळी दाट आणि काटेरी होती, खायला फळे होती, आणि सापाला आत शिरायला वाट नव्हती. पण शाळेच्या नियमानुसार अर्जदाराचे घरटे सावरीपासून शंभर पंखफडक्यांच्या आत असायला हवे होते. करवंदीची जाळी तीनशेच्या पुढे होती. लालनने अंडे घालण्याआधीच दोघांनी ती सोडली आणि सावरीजवळच्या घाणेरीच्या झुडपात दोन फांद्यांच्या बेचक्यात जागा धरली. त्या एका झुडपात अकरा कुटुंबे आधीच आली होती. सकाळी पंख ताणायचे झाले तर शेजाऱ्याला सांगून ताणावे लागत.

तुरेबाच्या घरट्याच्या जरा वर घुमाताई नावाची एक होली, म्हणजे होल्याची मादी, राहत होती. ती तिथली जुनी रहिवासी. तिच्या होल्याला मागच्या वर्षी ससाण्याने नेले होते. तिचे घरटे म्हणजे एकमेकींवर टाकलेल्या दहाबारा काड्या. खालून पाहिले तर अंड्याचा रंग दिसे. शाळेचे तिला काही पडले नव्हते.

"अर्ज भरलात का?" लालनने तिला विचारले.

"भरला बाई. सगळे भरतायत म्हणून मीही भरला," घुमाताई म्हणाली. "काय शिकवतात हो तिथे?"

लालनने यावर नुसते स्मित केले.

अंडी फुटली. बुलबुलांच्या पिलाचे नाव किलू ठेवले, होलीच्या पिलाचे गुटरू. अर्जासोबत जन्माचा दाखला म्हणून कवचाचा तुकडा आणि रहिवासाचा पुरावा म्हणून घरट्याची एक काडी द्यायची होती. शाळेचा कारभार पाहणारा बगळा डबक्यात एका पायावर उभा राहून अर्ज घेत असे. तुरेबाचा पहिला अर्ज काडी ओली असल्यामुळे परत आला, दुसरा काडी फार वाळलेली असल्यामुळे. तिसरा स्वीकारताना बगळ्याने एक गोष्ट बजावून सांगितली.

"पिलाला आधीपासून उडता येत असेल तर प्रवेश रद्द होतो. चुकीचं वळण लागलेले पंख सरळ करणं शिक्षकांना फार जड जातं. तेव्हा घरी काही शिकवू नका."

किलूच्या पंखांत पिसे भरली तसा तो घरट्याच्या काठावर उभा राहून फडफड करू लागला. एकदा तर तो काठापासून बोटभर वर उचलला गेला.  लालनने लगेच मऊ गवताची दोन पाती आणली आणि त्याचे पंख अंगाशी बांधून टाकले.

"आई, खाज येते," किलू म्हणाला.

"थोडे दिवस, राजा. एकदा नंबर लागू दे."

सोडतीच्या दिवशी सगळे रान सावरीखाली जमले. चिठ्ठ्या म्हणून ढोलीत पाने टाकली होती आणि ती काढायला घुबडाला बसवले होते. घुबडाला दिवसा दिसत नाही, त्यामुळे सोडत निःपक्षपाती होते, असे बगळ्याने सुरुवातीलाच जाहीर केले. पहिली जागा गरुडाच्या पिलाची होती. तिच्यासाठी चिठ्ठी काढण्याची पद्धत नव्हती. मग पाने निघू लागली. तुरेबा प्रत्येक पानाला श्वास रोखून धरी आणि नाव ऐकले की सोडी. अडतीस झाली, एकोणचाळीस झाली. चाळिसाव्या पानावर गुटरूचे नाव निघाले. घुमाताईने ते ऐकलेही नाही, ती शेजारणीशी बोलत होती. तिला दोनदा हाक मारून सांगावे लागले.

त्यानंतर प्रतीक्षा यादी निघाली. तिच्यात पहिले नाव किलूचे होते.

"पहिला नंबर म्हणजे झालंच समजा," बगळा तुरेबाला म्हणाला.

"कधीपर्यंत होईल?"

"वरचं एखादं रद्द झालं की."

"रद्द कशानं होतं?"

बगळ्याने पाय बदलला आणि आभाळाकडे पाहिले. "कारणं असतात," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तुरेबा रोज सकाळी डबक्यावर जाऊ लागला. बगळा रोज मान हलवी. लालन घरी बसून निवडलेल्या चाळीस पिलांची माहिती काढी. कुणाचे आईबाप दूरच्या रानात जाण्याच्या गोष्टी बोलतात, कुणाच्या कवचाच्या तुकड्याबद्दल शंका आहे, हे तिला पाठ झाले. गरुडाचे पिलू तिने मोजले नाही. हळूहळू तिचे सगळे लक्ष वरच्या फांदीवर येऊन थांबले. चाळिसावी जागा तिथे, डोक्यावर होती. वाऱ्याने त्या काड्या हलल्या की ती आणि तुरेबा एकाच वेळी वर पाहत, आणि मग एकमेकांकडे न पाहता कामाला लागत.

सावरीजवळची सगळी झुडपे अशी घरट्यांनी भरलेली असल्यामुळे त्या हंगामात एका धामणीला लांब जावे लागले नाही. एका दुपारी घुमाताई दाणे वेचायला गेली होती. तुरेबा बाजूच्या काटकीवर बसला होता. घाणेरीच्या बुंध्याशी पाचोळा हलला आणि धामण वर येऊ लागली. ती बुलबुलांच्या फांदीवर वळली नाही. सरळ होलीच्या काड्यांकडे निघाली.

साप दिसला की बुलबुल ओरडतो. हे तो विचार करून करत नाही, ते आपोआप होते. त्या दुपारी ते आपोआप झाले नाही. तुरेबाची चोच उघडली, तशीच राहिली, आणि त्याच्या मनात एकच शब्द आला: चाळीस. धामण अर्ध्या उंचीवर आली. मग आणखी वर. पाने फक्त तिच्या अंगाखाली हलत होती, बाकी झुडूप स्तब्ध होते.

गुटरूने काड्यांतून मान बाहेर काढली. त्याची पाठ धामणीकडे होती.

"काका," त्याने विचारले, "किलूचे पंख सोडले का? खेळायला येईल का तो?"

तुरेबा ओरडला. इतक्या जोरात तो आयुष्यात ओरडला नव्हता.

"गुटरू, मागे साप आहे! पळ!"

"कुठे पळू?"

"उडी टाक! पंख उघड! दोन्ही उघड आणि जोरात मार!"

गुटरूने उडी टाकली. तो दगडासारखा खाली गेला, मग पंख उघडले, आणि जमिनीला लागता लागता तो वर उचलला गेला. वाकडातिकडा, पाय लोंबकळत, तो पलीकडच्या बोरीवर जाऊन आदळला आणि फांदीला घट्ट धरून बसला. एव्हाना आरडाओरड्याने सगळी पाखरे धावली होती. सातभाईंचे कुटुंब सर्वांत पुढे होते. सातही जणांनी चोची मारून धामणीला खाली पाडले आणि ती पाचोळ्यात निघून गेली.

घुमाताई आली तेव्हा सगळे शांत झाले होते. ती आधी बोरीवर गेली, मग तुरेबापाशी आली.

"तुम्ही होतात म्हणून," एवढेच ती म्हणू शकली.

तुरेबाने मान खाली घातली. तो संकोची आहे, असे सगळ्यांना वाटले.

थोड्या वेळाने सातभाई त्याच्या घरट्याशी आले. प्रतीक्षा यादीत दुसरा नंबर त्यांच्या पिलाचा होता. ते नेहमीप्रमाणे सगळे एकदम बोलू लागले.

"ओरडायची काय गरज होती?" "तुमचा तर पहिलाच नंबर!" "तुमच्यामागे आमचाही सरकला असता." "मागच्यांचा काही विचार?"

"तुम्हीच तर हाकललंत तिला," तुरेबा म्हणाला.

"तुम्ही ओरडलात म्हणून! एकदा कुणी ओरडलं की यावंच लागतं," थोरला सातभाई चिडून म्हणाला. "चारचौघांत बरं दिसतं का न येणं?"

ते गेल्यावर लालन जवळ आली. 

"धामण बुंध्याशी होती तेव्हापासून तुम्ही तिच्याकडे बघत होतात," ती हळूच म्हणाली.

"ओरडलो ना शेवटी."

"ओरडलात."

तुरेबाने तिच्याकडे पाहिले. "बुंध्याशी होती हे तुला कसं कळलं?" त्याने विचारले. "तू का नाही ओरडलीस?"

 किलूच्या पंखांवरची गाठ जरा सैल झाली होती, ती लालनने पुन्हा आवळून बांधली.

दुसऱ्या दिवशी बगळा स्वतः झुडपापाशी आला. त्याच्याकडे रात्रीतून, गरुड सोडून निवडलेल्या बाकीच्या अडतीस पिलांच्या पालकांची तक्रार पोचली होती. गुटरू उडाला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिले होते.

"प्रवेश रद्द," बगळा घुमाताईला म्हणाला.

"उडाला म्हणून?"

"नियम आहे."

"साप होता हो मागे."

"सापाबद्दल नियमात काही नाही."

"मग आता हा काय करील?"

"ते शाळेच्या अखत्यारीत येत नाही," बगळा म्हणाला, आणि पुढे सरकून त्याने किलूला चोचीने उलटसुलट करून तपासले. पंख दोनदा ओढून पाहिले. ते हलले नाहीत. "उत्तम," तो तुरेबाला म्हणाला. "असं पिलू हल्ली मिळत नाही. चाळिसावी जागा तुमची."

लालन रडू लागली. सातभाई पुन्हा आले, या वेळी अभिनंदन करायला. काल आपल्याला कळलेच नाही, म्हणाले. काय डोके चालवलेत! सापाने पिलू गिळेपर्यंत थांबणारे पुष्कळ असतात, पण पिलाला उडवून अपात्र करायचे सुचायला अक्कल लागते. तुरेबाने सांगायचा प्रयत्न केला की तसे काही नव्हते. थोरल्या सातभाईने डोळा मिचकावला.

घुमाताई निघायच्या तयारीत होती. काड्या तिने तशाच सोडल्या. जाताना ती बुलबुलांच्या फांदीवर थांबली.

"तुमच्याच किलूला मिळाली, बरं झालं," ती म्हणाली. "परक्याला गेली असती तर जरा वाईट वाटलं असतं."

तुरेबाला काहीतरी बोलायचे होते. पण गुटरू बोरीवरून हाका मारत होता, आणि ती गेली.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. आईबापांना बुंध्यावरच्या काट्यांपाशी थांबायची परवानगी होती. वरच्या लांब फांदीवर चाळीस पिले ओळीने बसवली होती, पंख मिटून, अगदी स्तब्ध. किलूची जागा टोकाला होती, जिथे फांदी बारीक होऊन जराशी झुलत होती. लालनच्या डोळ्यांत पाणी आले. ती तुरेबाला म्हणाली, "बघा ना, कसा शहाण्यासारखा बसलाय."

तुरेबाने मागे वळून पाहिले. पोचवायला आलेल्या आईबापांच्या चाळीसच जोड्या असायला हव्या होत्या. पण त्यांच्या मागे एक लांब रांग उभी होती. तिच्यात सर्वांत पुढे सातही सातभाई होते, त्यांच्यामागे धोबी पक्षी, त्यामागे दयाळ, त्यामागे सुतारपक्षी, प्रतीक्षा यादीतल्या नंबराप्रमाणे, कुणी कुणाला न ढकलता.  सगळ्यांच्या माना वर होत्या.

"तुमचा कुठला हो?" थोरल्या सातभाईने आपुलकीने विचारले.

"तो, टोकाचा."

"हं," सातभाई म्हणाला. "दिसला."

वर सावरीचे एक बोंड उकलले. कापसाचा एक तंतू तरंगत आला आणि किलूच्या चोचीवर बसला. किलूने मान झटकली, डोळे मिटले आणि तो शिंकला. फांदी झुलली.

खाली सगळी रांग एक पाऊल पुढे सरकली.