वीस तारखेचा तारा

"पण मग डिसेंबरच का, फादर? सांगा ना. डिसेंबरच का?"

फादर दियोग तुटलेल्या वहाणेचा अंगठा शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा ब्रदर ग्लॅडविन. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतून वर्षभरासाठी या कोळीवाड्यात शिकायला आलेला, आणि आल्या दिवसापासून बहुतेक शिकवतच असलेला. नाताळच्या दिवशी लोकांसमोर त्याला पहिल्यांदा चार शब्द बोलायचे होते. ते चार शब्द कोणते, हे त्याचं ठरलेलं होतं.

"बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही. तारीख सोडा, महिनाही नाही. कोणी म्हणतं, रोमी लोकांचा सूर्याचा सण होता, तो आपण घेतला. कोणी म्हणतं, पंचवीस मार्चला देवदूत मरियेकडे आला, तिथून नऊ महिने मोजले. म्हणजे खरं कोणालाच माहीत नाही! आणि त्या रात्रीचे ते मेंढपाळ? एवढ्या थंडीत रात्रीचं कोणी उघड्यावर राहतं का?"

"राहतात."

ग्लॅडविन दचकलाच. आवाज दारातून आला होता.

दारात कातरीन उभी होती. लुगड्याचा काठ ओला, पायांना चिखल. तिचा नवरा मनवेल होडी घेऊन गेला होता, तो काल संध्याकाळी परत यायला हवा होता. आज दिवस मावळत आला तरी पाण्यावर होडी नव्हती. पाणीच दिसत नव्हतं. सकाळपासून धुकं बसलं होतं ते हललं नव्हतं.

बाहेर चर्चची घंटा वाजली. थांबली. पुन्हा वाजली. म्हातारा बस्त्याव दुपारपासून वाजवत होता.

"अजून नाही?" फादरनी विचारलं.

"नाय." ती उंबऱ्यावरच थांबली. "घंटा त्याला ऐकू येत असंल, फादर. पण धुक्यात आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. आवाजावर भरवसा ठेवून वळला, आणि खडकावर..."

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"फादर, तारा चढवा."

तारा कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवला होता. बांबूच्या कामट्या, त्यावर लाल पतंगाचा कागद, आत रॉकेलची चिमणी ठेवायला जागा. ग्लॅडविनने आपल्या हाताने केला होता. रोज संध्याकाळी तो त्याच्यावरची धूळ फुंकायचा.

"आज?" ग्लॅडविन म्हणाला. "आज वीस तारीख आहे."

"मग?"

"मग काय! तारा चोवीसला संध्याकाळी चढतो. तुमच्याच गावची रीत ना? तुम्हीच मला सांगितलीत. आणि पतंगाचा कागद आहे तो, बाई. एका रात्रीच्या दवाने त्याचा लगदा होईल. पंचवीसला काय दाखवायचं लोकांना? साधा कंदील लावा की."

"पांढरा दिवा खाडीपलीकडच्या गावाला पण असतो. मधे सगळे खडक. लाल दिसला तरच त्याला कळंल, घर कुठल्या अंगाला ते."

"मी नाही म्हणत नाही. पण तारीख म्हणून काही..."

"तारीख होडीला कळते का, ब्रदर?"

फादरनी दोरा दातांनी तोडला.

"काय म्हणालास तू?" त्यांनी ग्लॅडविनकडे पाहिलं. "कोणती तारीख?"

"चोवी..."



फादर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहाण पायात सरकवली, तारा उचलला, आणि त्याच्या हातात दिला.

...

चर्चसमोर एका जुन्या होडीची डोलकाठी पुरलेली होती. तिचं बूड धुक्यात बुडालेलं. टोक मात्र वर, जिथे अजून थोडा उजेड उरला होता.

फादरनी चिमणी पेटवून ताऱ्याच्या आत बसवली. पहिली काडी विझली. दुसरी विझली. कातरीनने पदराचा आडोसा धरला तेव्हा तिसरी लागली.

ग्लॅडविनने दोर ओढला. वरची कप्पी करकरली. तारा हळूहळू वर गेला. लाल, मग धुक्यात नुसता तांबूस, मग एकदम पुन्हा लालबुंद.

"बांधा आता," कातरीन म्हणाली.

ग्लॅडविनने काठीच्या बुडाशी हात फिरवला. खुंटी नव्हती. जुनी कुजून पडली होती. नवी चोवीसपर्यंत बसवतो असं त्यानेच फादरना सांगितलं होतं.

त्याने दोर हाताला गुंडाळला आणि तसाच उभा राहिला.

घंटा... थांबली... घंटा.

काथ्याचा दोर ओला होऊन जड झाला. तळहात सोलवटला. वरून टर्रकन आवाज आला, ताऱ्याचं एक टोक उसवलं असावं. त्याने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"फादर..."

फादर पाण्याच्या बाजूला कान लावून उभे होते.

"फादर, मग नाताळ आज आहे का? की पंचवीसला? का तो कधीच नव्हता? मी लोकांना सांगू काय?"

"हळू बोला ओ!" कातरीन त्याच्यावर ओरडली. मग तिने स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

फादरनी हात वर केला. बस्त्यावने घंटा थांबवली.

घंटेपेक्षा ही शांतता वाईट होती. लाटसुद्धा वाजत नव्हती. कुठेतरी पाण्यात काहीतरी डुबकलं, आणि तिघंही तिकडे वळले. काही नव्हतं.

मग आवाज आला.

"होऽऽ..."

माणसाचा होता की पाखराचा, कळेना.

"होऽऽ... लाऽऽल..."

कातरीन धावली. तिचे पाय पाण्यात पडल्याचा आवाज आला. "मनवेल! इकडं! मनवेल!"

"आले!" ग्लॅडविन किंचाळला. "फादर, आले ते! आले!"

तो तिच्यामागे दोन पावलं पुढे गेला. हातातला दोर सरकला. वर लाल होतं ते झपकन खाली आलं आणि धुक्यात बुडालं.

समोरचा आवाज तुटला.

कातरीनची हाक तेवढी राहिली.

फादरनी मागून येऊन आपली मूठ त्याच्या मुठीवर घट्ट आवळली. दोघांनी मिळून दोर खेचला. तांबूस उजेड पुन्हा वर सरकू लागला. कप्पी करकरली.

ग्लॅडविनने मान पाण्याकडे वळवली. "पण आले ना ते, फादर? तुम्ही ऐकलंत ना?"

"दोर धर," फादर म्हणाले. "अजून यायचेत."