चिचुंद्रीच्या दारावर चाक

मंगळवार, नऊ डिसेंबर. सकाळी धुकं होतं. मग ऊन पडलं. वारा नव्हता.

शहरात एक मोठा दवाखाना. दवाखान्याला मोठं दार. दारापुढे पायरी. पायरीजवळ एक फरशी फुटलेली. फुटक्या फरशीखाली एक बीळ.

बिळात चिचुंद्री राहायची. चिचुंद्रीला एक पिल्लू होतं.

पिल्लू झोपलं. चिचुंद्री बाहेर गेली. तिने एक झुरळ खाल्लं. दुसरं अर्धं खाल्लं. मग पिल्लाला पाजायला परत निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने.

येऊन बघते तर बीळ दिसेना. बिळावर एक चाक. काळं, जाड, गोल चाक. चाकावर पांढरी ॲम्ब्युलन्स. ॲम्ब्युलन्सच्या डोक्यावर निळा दिवा.

"चिं," खालून आवाज आला.

पिल्लू जागं झालं होतं. पिल्लाला भूक लागली होती. आत हवा होती, पण बाहेर यायला वाट नव्हती.

चिचुंद्री चाकाला म्हणाली,
"चाका, चाका, बाजूला हो.
पिल्लू आत, मी बाहेर."

चाक म्हणालं, "मी आपलं आपण हलत नाही. काका गाडी काढतात, तेव्हा मी हलतो. आधी काका, मग मी."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, गाडीच्या कडेकडेने.

सय्यदकाका गाडीचे ड्रायव्हर. ते फडक्याने काच पुसत होते. कुईं कुईं, कुईं कुईं. काच स्वच्छ होती. तरी पुसत होते.

"काका, काका, गाडी काढा.
चाक हलेना.
पिल्लू आत, मी बाहेर."

"कोण बोलतंय?"

"मी. खाली."

काकांनी खाली बघितलं. "चिचुंद्रीबाई, तुम्ही होय. गाडी नाही काढता येत."

"थोडी पुढे घ्या."

"मागचं दार उघडं आहे, बघा. स्ट्रेचर आत आलं की दार लावायचं. दार लावलं की गाडी काढायची. दार उघडं ठेवून गाडी काढायची नसते."

"स्ट्रेचर कुठे आहे?"

"दवाखान्यात. शुभाताई घेऊन गेल्यात. आधी स्ट्रेचर, मग गाडी."

ट्रिंग ट्रिंग. काकांचा फोन वाजला. ॲम्ब्युलन्सच्या ऑफिसातून होता.

"सात नंबर, कुठे आहात?"

"दवाखान्यात."

"मोकळे झालात?"

"नाही. स्ट्रेचर आत आहे."

"झालात की सांगा."

"सांगतो," काका म्हणाले. आणि परत काच पुसायला लागले. कुईं कुईं, कुईं कुईं.

चिचुंद्री पायरी चढली. तुरुतुरु तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने.

आत लांब बोळ होता. बोळात स्ट्रेचर होतं. स्ट्रेचर म्हणजे चाकं लावलेली अरुंद खाट. स्ट्रेचरपाशी शुभाताई उभ्या होत्या. त्या ॲम्ब्युलन्सबरोबर आल्या होत्या. त्यांचा एक हात वर होता. हातात सलाईनची बाटली. टप टप, टप टप. हात दुखला, की ताई बाटली दुसऱ्या हातात घ्यायच्या.

"ताई, ताई, स्ट्रेचर आणा.
काका गाडी काढीनात.
चाक हलेना.
पिल्लू आत, मी बाहेर."

ताई म्हणाल्या, "कसं आणू गं? स्ट्रेचरवर आजोबा आहेत. त्यांना टाकून जाऊ? ते उतरले, की स्ट्रेचर मोकळं. आधी आजोबा, मग स्ट्रेचर."

"कधीपासून उभ्या आहात?"

"मघापासून."

"बसा की."

"बसले तर बाटली खाली येते."

चिचुंद्री स्ट्रेचरच्या पायावरून वर चढली. सुळ् सुळ् सुळ्.

वर आजोबा होते. आजोबांचा पाय मोडला होता. पायाला लाकडी पट्टी बांधली होती. आजोबा छताकडे बघत होते.

"आजोबा, आजोबा, खाली उतरा.
ताई स्ट्रेचर आणीनात.
काका गाडी काढीनात.
चाक हलेना.
पिल्लू आत, मी बाहेर."

आजोबा म्हणाले, "मी काय हौसेने झोपलोय इथे? ही खाट आहे का फळी? कूस वळता येत नाही. नाक खाजलं तर ताईंना सांगावं लागतं."

"मी खाजवू?"

"नको. तू राहू दे."

"मग उतरा ना."

"उतरून कुठे जाऊ? मला खाट नाही मिळाली. सिस्टर खाट देतील, तेव्हा उतरेन. आधी खाट, मग मी."

चिचुंद्री खाली आली. वॉर्डात शिरली. तुरुतुरु तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने.

वॉर्डात खाटाच खाटा. खाटांवर माणसं. मध्ये टेबल. टेबलाशी सिस्टर. सिस्टर औषध ओतत होत्या. बुडुक बुडुक.

"सिस्टर, सिस्टर, खाट द्या.
आजोबा खाली उतरेनात.
ताई स्ट्रेचर आणीनात.
काका गाडी काढीनात.
चाक हलेना.
पिल्लू आत, मी बाहेर."

सिस्टर म्हणाल्या, "वॉर्डात चिचुंद्री? हिला आत कुणी सोडलं?"

"मीच आले."

"आलीस तशी जा."

"खाट द्या, मग जाते."

"कुठून देऊ? खिशातून? सगळ्या भरल्यात. ती खिडकीपाशी तनू बसलीय ना, ती बरी झाली. तिला घरी सोडलं. पण ती उठतच नाही. ती उठली, की खाट रिकामी. आधी तनू, मग खाट."

चिचुंद्री खिडकीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु, खाटांखालून.

खिडकीपाशी तनू होती. तनूला ताप आला होता. आता ताप गेला होता. ती खाटेवर मांडी घालून बसली होती. शेजारी तिची आई. आईच्या मांडीवर पिशवी.

आई म्हणाली, "चल गं तनू."

"नाही."

"फाटकापर्यंत तर जायचं."

"बाबा म्हणाले, रिक्षा दारात येईल. दारात आली, की उठेन."

"हा हट्टीपणा कुणाकडून घेतलास?"

"तुझ्याकडून."

खाटेखालून चिचुंद्री म्हणाली,

"तनू, तनू, खाटेवरून ऊठ.
सिस्टर खाट देईनात.
आजोबा खाली उतरेनात.
ताई स्ट्रेचर आणीनात.
काका गाडी काढीनात.
चाक हलेना.
पिल्लू आत, मी बाहेर."

तनूने खाटेखाली वाकून बघितलं. खाली टोकदार नाक. नाकामागे चिचुंद्री.

तनू म्हणाली, "मी नाही उठणार. आधी रिक्षा, मग मी."

चिचुंद्री परत निघाली. वॉर्डातून बाहेर. बोळातून बाहेर. पायरीवरून खाली. तुरुतुरु तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने, थेट फाटकापर्यंत.

फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. रिक्षात रिक्षावाले मामा आडवे पडले होते. पाय बाहेर, डोकं आत.

"मामा, मामा, रिक्षा आत घ्या.
तनू खाटेवरून उठेना.
सिस्टर खाट देईनात.
आजोबा खाली उतरेनात.
ताई स्ट्रेचर आणीनात.
काका गाडी काढीनात.
चाक हलेना.
पिल्लू आत, मी बाहेर."

मामांनी एक डोळा उघडला. "आत कुठे घेऊ? तुझ्या पाठीवर? दारात ॲम्ब्युलन्स उभी आहे. तिचं चाक हललं, की रिक्षा आत. आधी ॲम्ब्युलन्स, मग रिक्षा."

मामांनी डोळा मिटला.

चिचुंद्री ॲम्ब्युलन्सपाशी आली. चाकासमोर उभी राहिली.

"चाका, चाका, बाजूला हो.
मामा रिक्षा आत घेईनात.
तनू खाटेवरून उठेना.
सिस्टर खाट देईनात.
आजोबा खाली उतरेनात.
ताई स्ट्रेचर आणीनात.
काका गाडी काढीनात.
पिल्लू आत, मी बाहेर."

चाक म्हणालं, "आधी काका, मग मी."

कुईं कुईं, कुईं कुईं. काका काच पुसत होते.

"चिं," खालून आवाज आला. आवाज लहान झाला होता.

चिचुंद्री बसली. थोडा वेळ बसली. मग उठली.

ती काकांकडे गेली नाही. ताईंकडे गेली नाही. आजोबांकडे गेली नाही. सिस्टरकडे गेली नाही. ती तनूकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने.

तनू म्हणाली, "रिक्षा आली?"

"नाही."

"मग मी उठत नाही."

"बरं," चिचुंद्री म्हणाली. आणि खाटेखाली बसून राहिली.

तनू खिडकीबाहेर बघत होती. मग खाली बघायला लागली.

"तुझं पिल्लू केवढं आहे?"

"भुईमुगाच्या शेंगेएवढं."

"डोळे?"

"मोहरीएवढे."

"नाक?"

"नाक मोठं आहे. माझ्यासारखं."

"ते काय करतं?"

"झोपतं. दूध पितं. परत झोपतं."

"आता काय करतंय?"

"आता मला हाक मारतंय."

तनू म्हणाली, "मला दाखवशील?"

"बिळावर चाक आहे."

"चाक हललं की?"

"हललं की दाखवीन."

तनूने मांडी सोडली. एक पाय खाली सोडला. फरशी गार होती. तिने पाय वर घेतला. परत खाली सोडला. मग दुसरा पाय.

"आई, माझी चप्पल."

आईने चप्पल दिली. पिशवी उचलली.

तनू चालायला लागली. टप्, टप्, टप्. हळूहळू, भिंतीच्या कडेकडेने. पुढे चिचुंद्री, मागे तनू, तिच्यामागे आई.

तनू खाटेवरून उठली. सिस्टरने खाट बघितली. वॉर्डातल्या कामवाल्या मावशींना हाक मारली. मावशींनी जुनी चादर काढली, नवी घातली. फडाक्.

सिस्टर म्हणाल्या, "आजोबांना आत घ्या."

सिस्टरने खाट दिली. सिस्टरने आणि मावशींनी आजोबांखालची चादर धरली. एक, दोन, तीन, हप्. आजोबा खाली उतरले. बाटली खाटेच्या दांड्याला टांगली. ताईंनी हात खाली घेतला. बोटं उघडली. मिटली. परत उघडली.

आजोबा कुशीवर वळले. "आता बरं वाटतंय. ताई, या आता तुम्ही."

"येते, आजोबा."

ताईंनी स्ट्रेचर आणलं. गडगड गडगड, बोळातून. खाड्, पायरीवरून. सय्यदकाकांनी फडकं खिशात घातलं. स्ट्रेचर गाडीत गेलं. सरकन्. मागचं दार लागलं. धाड्.

काकांनी फोन लावला. "सात नंबर मोकळी."

"कुंभारवाड्यात जा. एक बाई जिन्यावरून पडल्यात."

"निघालो."

काकांनी गाडी काढली. घुर्र. निळा दिवा लागला. लुकलुक लुकलुक.

चाक हललं.

ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर गेली. वीं ऊं, वीं ऊं, वीं ऊं. मामा उठून बसले. मामांनी रिक्षा आत घेतली. पायरीपाशी उभी केली. फट् फट् फट्.

तनू रिक्षात बसली नाही. ती पायरीवर बसली.

फुटक्या फरशीखालून नाक बाहेर आलं. मग मोहरीएवढे डोळे. मग सगळं पिल्लू.

तनू म्हणाली, "शेंगेपेक्षा थोडं मोठं आहे."

"वाढलं असेल," चिचुंद्री म्हणाली.

चिचुंद्री वळली. पिल्लाने तिची शेपटी तोंडात धरली. पुढे आई, मागे पिल्लू. दोघं दवाखान्याच्या जिन्याखालच्या दुसऱ्या बिळात गेली. तिथे गाडी येत नाही.

तनू आईबरोबर रिक्षातून घरी गेली. आजोबा तनूच्या खाटेवर झोपले. सात नंबर गाडी कुंभारवाड्यात पोचली. काकांनी आणि ताईंनी बाईंना स्ट्रेचरवर घेतलं.

पिल्लू पोटभर दूध प्यायलं. मग झोपलं.