विहिरीपाशी अडकलेला पोरगा

“चोराला चोर म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं, बुवा?”

सोमपुरी बुवा मठाचं अंगण झाडत होते. त्यांनी केर एका बाजूला सारला आणि वर पाहिलं.

“आधी बस तर. दाढी केवढी वाढवलीस! गोसावी मी, की तू?”

ओजस हसला नाही. टेकडी चढून त्याला धाप लागली होती. तो पायरीवर बसला.

लहानपणी सुट्टीत तो या मठात राहायला यायचा. धरणाचं पाणी येणार म्हणून खालचं गाव तेव्हाच उठून गेलं होतं. पाणी गावापर्यंत आलंच नाही. घरं तशीच राहिली, कुलपं लावलेली. टेकडीवर बुवा एकटे उरले.

त्या गावावरून ओजसने मोबाइलवरचा एक खेळ केला होता. कंदील घेतलेला एक पोरगा बंद घरांमधून फिरतो आणि उघडं दार शोधतो. एवढाच खेळ. लोकांना तो आवडला. मग एका मोठ्या कंपनीने तसाच खेळ काढला.

“कंदिलाची पणती केली, पोराला टोपी घातली. झाला नवा खेळ! आता माझ्या खेळाचं नाव टाकून शोधलं, तरी वर त्यांचाच दिसतो. पैसे भरून ती जागा घेतलीय त्यांनी.”

“असं चालतं?”

“धंदाच तसा आहे. एक खेळ चालला की त्याच्यासारखे ढीगभर येतात. रंग बदलला की कायदा गप्प बसतो. पण या वेळी नाही बसणार.”

त्याने मान ताठ केली.

“उद्या कोर्टात तारीख आहे. तुम्ही चला. पहिली चित्रं मी याच अंगणात काढली, एवढंच सांगायचं.”

“काढली होतीस. कोळशाने. माझी भिंत खराब केलीस.”

“मग याल?”

“येईन की. खोटं थोडंच आहे... पण तो खेळ दाखव आधी. मी पाहिलेलाच नाही.”

ओजसने फोन दिला. काठोकाठ भरलेलं भांडं धरावं, तसा बुवांनी तो दोन्ही हातांत धरला. पोरगा चालू लागला.

“हे पाटलांचं... हे तांबोळ्यांचं...” बुवा एकेक दार वाजवत गेले.

कुणी उघडलं नाही.

पोरगा विहिरीच्या ओट्यावर चढला आणि थांबला. बुवांनी बोट इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पोरगा हलला नाही.

“हा उतरत का नाही?”

“अडकला. तिथं माझी एक चूक राहिलीय. त्या बाजूने चढलं की उतरता येत नाही. परत पहिल्यापासून खेळायचं.” ओजसचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “पण बुवा, ही चूकच माझा पुरावा आहे! त्यांचा पोरगाही त्याच ओट्यावर अडकायचा. बंद घरं कुणालाही सुचतील. चूक हुबेहूब तीच, त्याच जागी, कशी सुचेल?”

“अडकायचा?”

“त्यांनी नंतर ती दुरुस्त केली.”

“आणि तू?”

“वकील म्हणाले, निकाल लागेपर्यंत खेळाला हात लावायचा नाही. आहे तसाच कोर्टाला दाखवायचा.”

“निकाल कधी?”

“काय सांगावं... वर्षंही जातील.”

खालच्या गावात वाऱ्याने एक खिडकी आपटत होती.

“खेळणारे काही म्हणत नाहीत?”

“आधी म्हणायचे. आता सगळे तिकडे गेले. माझ्याबरोबर काम करणारेही गेले. एक मुलगी मात्र अजून लिहिते...”

“काय लिहिते?”

ओजसने खाली पाहिलं.

“दादा, मी फोन बंद केल्यावरही तो तिथंच उभा असतो का?”

“तू काय सांगितलंस तिला?”

“उत्तर द्यायचं नाही, असं वकिलांनी...”

त्याने दाढीवरून हात फिरवला.

ऊन टेकडीवरून उतरलं. ओजस उठून उभा राहिला.

“चला बुवा, शेवटची एसटी चुकेल. माझ्या खोलीवर राहा आज. मी एकटाच असतो, अडचण नाही.”

बुवा उठले नाहीत. त्यांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. फोनचा उजेड मावळू लागला, तसं त्यांनी हळूच बोट टेकवलं. उजेड परत आला. पोरगा कंदील धरून तिथंच होता.

“मी खरं तेच सांगेन, त्याची काळजी नको. पण याला इथं एकटं टाकून कसा निघू?”

“बुवा, तो खेळातला आहे.”

“हो...”

“चूक दुरुस्त करून त्याला उतरवलं, तर माझ्याकडे राहिलं काय?” ओजसचा आवाज चिरकला. “सांगा ना. काय राहिलं?”

बुवा थोडे सरकले. पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.

“बस हवं तर. नाहीतर तू पुढे हो. हा खाली उतरला की मी येतो.”