रिकाम्या घागरींची ओळ

फार पूर्वी, घरे कौलांनी नव्हे तर गवताने शाकारलेली असत त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव वसले होते. गावाला आगीचे भय मोठे आणि पाणी मात्र ओघळीपलीकडच्या विहिरीत. म्हणून गावकऱ्यांनी आपखुशीने एक जलपथक उभारले होते. त्यात कोणाला वेतन नव्हते, मानपान नव्हता. हाळी आली की हातातले काम टाकून धावायचे, एवढाच नेम होता. गावातील वृद्ध तांबट या पथकाचा नाईक होता.

दर अमावास्येला, औत बंद असे त्या दिवशी, पथकाचा सराव होई. दोन ओळी उभ्या राहत. एका ओळीतून भरलेल्या घागरी हातोहात गावाकडे येत, दुसरीतून रिकाम्या घागरी परत विहिरीकडे जात. देवळापुढची दगडी दोण काठोकाठ भरली की सराव संपे.

ओघळीवर साकव होता. परंतु तो एका माणसाच्या रुंदीचा, आणि भरल्या घागरींच्या ओळीनेच तो व्यापलेला असे. मग रिकाम्या घागरी पलीकडे जाव्यात कशा? ओघळीच्या मध्यभागी एक उंच खडक होता. त्यावर उभे राहून ज्याचे हात दोन्ही काठांना पुरतील असा गावात एकच होता, तो म्हणजे गावचा तरुण पहिलवान. नाईकाने त्याला तेथे उभे केले होते.

पहिलवानाला ती जागा मुळीच रुचली नव्हती. त्या ओळीत सगळी म्हातारी माणसे, पोरेसोरे आणि लेकुरवाळ्या बायका. जत्रेच्या फडात भल्याभल्यांना आसमान दाखवणाऱ्याने त्यांच्यासोबत रिकामी भांडी इकडून तिकडे करावीत, हे त्याला मनातून बोचत असे. त्यातच भरल्या घागरींच्या ओळीत अगदी पुढे, आगीच्या तोंडाशी उभे राहणारे सोबती त्याला डिवचत.

"पाणी आम्ही वाहतो," त्यांतला एक गुराखी म्हणे, "आणि आमचा पहिलवान वारा वाहतो."

"जपून रे गड्या," दुसरा पुस्ती जोडी, "वाऱ्यानं मनगट लचकायचं."

एके दिवशी पहिलवानाने नाईकाला गाठले. "नाईककाका, मला पुढं उभं करा. माझे हात काय असल्या कामासाठी आहेत?"

"तुझे हात लांब आहेत, म्हणूनच तिथं ठेवलाय."

"मग ते आगीपर्यंत पोहोचले तर काय बिघडेल?"

"आगीपर्यंत घागर पोहोचवायची असते, बाबा," नाईक म्हणाला आणि आपल्या ठोकणीकडे वळला. पहिलवानाला वाटले, म्हाताऱ्याला आपले बळ कळतच नाही.

चैत्र नुकताच लागला होता. उन्हे माथ्यावर आली असता लोहाराच्या भट्टीतली ठिणगी वाऱ्याबरोबर उडाली आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीवर पडली. पाहता पाहता गंजी पेटली. गंजीला लागूनच एका विधवा कोष्टिणीचे घर होते. नाईकाने परात बडवून हाळी दिली आणि जो तो आपापल्या जागी धावला. नाईक विहिरीवर उभा राहिला.

कोष्टिणीची जागा गावाकडच्या काठावर होती. रिकामी घागर खडकावरच्या पहिलवानाच्या हाती देणे, हे तिचे काम. ती येऊन आपल्या जागी उभी राहिली, तेव्हा मागून कोणी म्हणाले, "काकू, अहो, घरातलं काही बाहेर तरी काढा."

"माग जमिनीत पुरलेला आहे. तो काय काखोटीला मारून आणू?" ती म्हणाली. "आणि मी गेले तर घागर कोण देईल?"

पहिलवानाने हे ऐकले. त्याने मान वळवून तिच्या घराकडे पाहिले. ज्वाला वळचणीकडे झेपावत होत्या. "काकू, तुमचं घर मी वाचवतो," असे म्हणून त्याने खडकावरून काठावर उडी घेतली.

"अरे बाबा, घागर घे," कोष्टीण म्हणाली. परंतु तो केव्हाच पुढे गेला होता.

गुराख्याला बाजूला सारून त्याने हातात दोन-दोन घागरी घेतल्या. त्याने फेकलेले पाणी थेट गंजीच्या माथ्यावर पडू लागले. आग चरचरत खाली बसली. "शाब्बास, पहिलवान," लोक म्हणाले. आजवर ज्या शब्दासाठी त्याचा जीव तळमळत होता, तो शब्द त्याला मिळाला.

त्याने पुन्हा मागे हात पसरला. हातात काहीच आले नाही.

"घागर," तो म्हणाला. तो शब्द ओळीतून तोंडोतोंडी विहिरीपर्यंत गेला आणि तिकडून उत्तर आले, "पाणी आहे. घागर नाही."

पहिलवानाने वळून पाहिले. ओघळीच्या काठावर रिकाम्या घागरींचा ढीग साचला होता. कोष्टिणीने एक घागर पलीकडे फेकून पाहिली होती. ती ओघळीत पडून ठेचाळत खाली गेली होती. आता ती दोन्ही हातांत दुसरी घागर धरून, रित्या खडकाकडे हात पुढे करून उभी होती. तिच्या पाठीमागे तिचे घर पेटले होते.

तो धावला. खडकावर चढला. ती घागर त्याने घेतली, पलीकडे दिली. मग दुसरी, मग तिसरी. ओळ पुन्हा वाहू लागली आणि उरलेले गाव वाचले. कोष्टिणीचे घर मात्र वाचले नाही.

आग शमल्यावर तो खाली मान घालून तिच्यासमोर उभा राहिला. "काकू, माझ्यामुळं गेलं तुमचं घर."

ती राखेकडे पाहत होती. "घर गवताचं होतं, पुन्हा उभं राहील," ती म्हणाली. "माग माझ्या सासूबाईंनी लावून दिला होता."

पहिलवानाने रानातून लाकूड आणले, भिंती उभारल्या, गवत शाकारले, सुताराच्या हाताखाली राबून नवा माग बसवून दिला. तरी जे गेले ते आले असे त्याने कधी म्हटले नाही.

पुढच्या अमावास्येला गाव सरावासाठी जमले. नाईकाने त्याला विचारले, "पुढं उभं राहायचंय का आज?"

पहिलवानाने नकारार्थी मान हलवली आणि तो खडकावर जाऊन उभा राहिला. काठावर कोष्टीण होती. पहिली रिकामी घागर आली, तशी तिने ती पुढे केली.

भरलेली घागर घ्यावी, तशी त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

तात्पर्य: भरली घागर सर्वांच्या नजरेत भरते, परंतु रिकामी परतल्यावाचून ती भरत नाही. आपल्या वाट्याची जागा लहान वाटली, तरी ती सोडण्यापूर्वी आपल्याकडे कोणाचे हात पसरलेले आहेत, हे पाहावे.